यहूदी धर्मातील पवित्र स्थान व अर्पण
(मंदिराच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



आपल्या मंदिराच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा प्रथम मनात आले की, ह्या मंदिराच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्तच आपणांपुढे ठेवावा. परंतु ते काम आमच्याहून जाणत्या वडीलधाऱ्या मंडळींनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आम्ही आज त्याहून पुष्कळ मागे जाणार आहोत. ज्या महोत्सवास आपण ज्युबिली म्हणतो, त्याचे नावदेखील मूळचे आपले नव्हे. ते इब्री भाषेतील ‘योबेल’ ह्या शब्दापासून आले. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. सात वर्षांची सात आवर्तने पुरी झाली म्हणजे पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकावयाचे, विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळास परत करावयाची आणि दास झालेल्या बांधवास मोकळे करावयाचे, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे.

आपली वेदी, पवित्र स्थानी अखंड तेवणारा दीप, मिस्साच्या वेळी गाइली जाणारी स्तोत्रे, ‘आमेन’, ‘होसान्ना’, ‘हालेलुया’ हे आपल्या ओठांवरचे शब्द, ही सर्व ठेव आपणांस त्याच लोकांकडून मिळाली आहे. उसनी आणलेली वस्तू वापरणाऱ्याने निदान तिच्या धन्याचे नाव विसरू नये, ही आपल्या खेड्यापाड्यांतील साधी रीत आहे. म्हणून यहूदी लोक पवित्र स्थान कशास म्हणतात, आणि अर्पण ह्या शब्दाने ते काय समजतात, ह्याचा आज आपण थोडा विचार करू.

मिसर देशाच्या दास्यातून सुटून इस्राएल लोक रानात भटकत होते, तेव्हा देवाने त्यांच्याकडून प्रथम जे पवित्र स्थान करविले, ते दगडांचे नव्हते. तो एक तंबू होता. मुक्काम हलला की तो उकलावयाचा, खांद्यावर घ्यावयाचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभा करावयाचा. निर्गमाच्या पुस्तकातील ह्या आज्ञेचे शब्द लक्षपूर्वक वाचावेत, असे यहूदी शास्त्री सांगत आले आहेत. पवित्र स्थान बांधा, म्हणजे मी ‘त्यात’ राहीन, असे देव म्हणत नाही. मी ‘त्यांच्यामध्ये’, म्हणजे त्या लोकांमध्ये, राहीन, असे तो म्हणतो. त्या तंबूचे नाव ‘मिश्कान’, म्हणजे निवासमंडप. पुढे यहूदी गुरूंनी लोकांमध्ये वसणाऱ्या देवाच्या सान्निध्यास ‘शेखिना’ हे नाव दिले; तेही त्याच धातूपासून झालेले आहे.

ह्या मंडपासाठी साहित्य दोन रीतींनी जमले. सोने, तांबे, लोकर, ताग, सुगंधी द्रव्ये ही ज्याने त्याने स्वखुशीने द्यावयाची होती. आणि लोकांनी ती इतकी आणून दिली की, आता पुरे, अशी दवंडी मोशेस पिटवावी लागली. ज्यांनी कधी मंदिराची वर्गणी गोळा केली असेल, त्यांस हा चमत्कार तांबडा समुद्र दुभंगण्याहून कमी वाटणार नाही! परंतु दुसरी एक देणगी अशी होती की, तीत कोणाची खुशी चालत नसे. वीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल रुपे द्यावयाचे. श्रीमंताने अधिक द्यावयाचे नाही, गरिबाने कमी द्यावयाचे नाही. ह्या रुप्याचे काय केले? मंडपाच्या फळ्या ज्यांत उभ्या राहत, त्या बैठका, एकंदर शंभर बैठका, त्या रुप्याच्या ओतल्या. वरचा शृंगार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे झाला, पाया मात्र सर्वांच्या सारख्या वाट्याचा होता.

पुढे जेरुसलेमेत शलमोन राजाने सात वर्षे खपून दगडी मंदिर बांधले. त्याची लांबी साठ हात व रुंदी वीस हात, म्हणजे सुमारे ९० फूट व ३० फूट. इतक्या लहान वास्तूची कीर्ती तीन हजार वर्षे टिकली आहे. तिच्या समर्पणाच्या प्रसंगी खुद्द शलमोनानेच आपल्या प्रार्थनेत कबूल केले की, जो देव आकाशांच्या आकाशातही मावत नाही, तो ह्या घरात कसा मावेल? मंदिर बांधणाऱ्याने उद्घाटनाच्या दिवशीच मंदिराचे अपुरेपण बोलून दाखवावे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

ते मंदिर बाबेलच्या सैन्याने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात जाळले. परत आलेल्या लोकांनी दुसरे बांधले. हेरोद राजाने त्याचा मोठा विस्तार केला. प्रभू येशू ख्रिस्तास ज्या मंदिरात अर्पण करण्यात आले, ते हेच. त्याच्या अगदी आत एक दालन होते, ते परमपवित्र स्थान. वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या महायाजकाने तेथे जावयाचे. ख्रिस्तपूर्व ६३ साली रोमन सेनापती पॉम्पी जेरुसलेम जिंकून त्या दालनात शिरला. एवढ्या भक्तीने जपलेल्या गाभाऱ्यात मूर्ती असेल, अशी परकीयांची कल्पना होती. परंतु रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की, आत काहीच नव्हते. कराराचा कोश पहिल्या मंदिराबरोबरच नाहीसा झाला होता. यहूदी परंपरा सांगते की, त्याच्या जागी जमिनीपासून तीन बोटे वर आलेला एक शिलाखंड मात्र होता, आणि महायाजक त्यावर धुपाचे अग्निपात्र ठेवीत असे.

बंधुभगिनींनो, पॉम्पीस ती खोली रिकामी दिसली, ह्यात नवल नाही. पाहण्यास गेलेल्यास ती रिकामीच दिसावयाची. तेथे पाहण्यासारखे काही ठेवलेले नव्हते. तेथे जवळ जावयाचे होते. आणि हाच अर्पणाचाही अर्थ आहे.

आपण मराठीत ‘बळी’ असा शब्द वापरतो, आणि तो उच्चारताच सुरी व रक्त डोळ्यांपुढे येते. इब्री शब्द आहे ‘कोर्बान’. त्याचा धातू ‘जवळ येणे’ ह्या अर्थाचा. देवास भूक लागते म्हणून त्यास काही पोचवावयाचे, अशी ही कल्पना नव्हे; दूर गेलेल्या माणसाने जवळ येण्याचे ते साधन आहे. लेवीयाच्या पुस्तकात त्याचे प्रकार सांगितले आहेत. होमार्पण संपूर्ण जाळावयाचे, त्यातून माणसाने स्वतःसाठी मांस राखावयाचे नाही. अन्नार्पण पिठाचे, आणि प्रत्येक अन्नार्पणावर मीठ घालावयाचे. शांत्यर्पणाचा काही भाग वेदीवर, काही याजकास, आणि उरलेला अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांसह खावयाचा. त्यातही उपकारस्तुतीचे अर्पण असेल, तर ते त्याच दिवशी संपले पाहिजे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवता कामा नये. आता एका घरच्या माणसांनी एवढे मांस व एवढ्या भाकरी एका दिवसात कशा संपवाव्या? अर्थात् शेजारीपाजारी, पाहुणेरावळे ह्यांस बोलावणे भाग पडे. देवाचे उपकार एकट्याने मानता येत नाहीत, हा धडा त्या नियमातच गोवलेला होता.

गरिबाचे काय? नियमशास्त्राने त्याचीही सोय केली. पापार्पणासाठी ज्याला कोकरू झेपत नाही, त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावी. तेही झेपत नसेल, तर सुमारे दोन लिटर मावेल एवढे सपीठ आणावे. बाळ येशूस मंदिरात नेले, तेव्हा पवित्र मरियेच्या शुद्धीकरणासाठी नेमलेले अर्पण पाखरांच्या जोडीचे होते, असे संत लूक सांगतो. कोकरू ज्याच्या ऐपतीबाहेर आहे, त्यासाठी ठरविलेले अर्पण ते हेच. आणि मूठभर पिठाचे अन्नार्पण आणणाऱ्याविषयी तालमुदात म्हटले आहे की, त्याने जणू आपला जीवच अर्पिला, असे देव धरतो.

ह्याहून हृदयंगम अशी एक हकीकत मिश्ना नावाच्या यहूदी ग्रंथात आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ह्या ग्रंथात प्रथमफलांचा विधी वर्णिला आहे. शेतकरी शेतात जाई. पहिले पिकलेले अंजीर, पहिला द्राक्षांचा घोस, पहिले डाळिंब दृष्टीस पडले की त्यास लव्हाळ्याची दोरी बांधून, हे देवाचे, असे म्हणे. मग गावोगावचे लोक मिळून जेरुसलेमेस निघत; पुढे बैल, त्याच्या शिंगांस सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या पानांची माळ, आणि बरोबर पावा वाजत असे. नगरातील कारागीर हातचे काम टाकून उभे राहत आणि त्यांस नावानिशी गावचे कुशल विचारीत. मंदिराच्या टेकडीवर पोचल्यावर राजा असला तरी टोपली त्याने स्वतःच्या खांद्यावर घ्यावी, असा नियम होता.

तेथे प्रत्येकाने एक उतारा म्हणावयाचा असे: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात दास होतो, देवाने आम्हांस ही भूमी दिली, म्हणून तिचे पहिले फळ मी आणले आहे, अशा आशयाचा. प्रारंभी ज्यांस तो येत असे, ते आपापले म्हणत. ज्यांस येत नसे, त्यांस दुसरा कोणी सांगे व ते मागून म्हणत. परंतु अशाने निरक्षरांस लाज वाटू लागली आणि ते येईनातसे झाले. तेव्हा असे ठरले की, येवो अथवा न येवो, सर्वांनीच सांगितल्यामागून म्हणावे. विद्वानाने आपली विद्या झाकावी, पण अडाणी बांधव देवाच्या दारातून लाजून मागे फिरू नये! पवित्र स्थानाचे पावित्र्य कशात आहे, हे ह्या एका नियमावरून कळते.

आता सर्वांत कठीण अर्पणाकडे वळू. त्याचे नाव दोषार्पण. ज्याने शेजाऱ्यास लुबाडले, विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारली, सापडलेली वस्तू लपविली किंवा खोटी शपथ वाहिली, त्याने वेदीवर मेंढा आणावयाचा. परंतु त्यापूर्वी घेतलेली वस्तू मूळ मालकास परत करावयाची, आणि वर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावयाचा. मिश्नाचा निर्णय स्पष्ट आहे: चोरलेले परत करण्यापूर्वीच मेंढा आणला, तर ते अर्पण लागू होत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवसाविषयीही तेथे तसेच सांगितले आहे. देवाविरुद्ध केलेल्या पापांची त्या दिवशी क्षमा होते. शेजाऱ्याविरुद्ध केलेल्यांची, शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून होत नाही. आमोस, यशया, मीखा ह्या संदेष्ट्यांनी अर्पणांवर जे प्रखर शब्दांचे आसूड ओढले, ते वेदी पाडण्यासाठी नव्हेत. हातांना गरिबाचे रक्त लागलेले असता वेदीकडे जाऊ पाहणाऱ्यांस थांबविण्यासाठी होते. आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी समेट करावयास जा, असे प्रभू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, तेव्हा तो आपल्या लोकांच्या ह्याच जुन्या वाटेवर उभा राहून बोलत होता.

इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने मंदिर जाळले. वेदी गेली, याजकांचे कार्य संपले. मंदिराच्या चौथऱ्यास आधार देणाऱ्या तटभिंतीचा पश्चिमेकडील भाग तेवढा आज प्रार्थनेची जागा म्हणून उरला आहे. ज्या धर्मात जवळ येण्याचे साधन एका स्थानाशी बांधले होते, त्याने ते स्थान गेल्यावर काय करावे? परंपरा सांगते की, योहानान बेन जक्काई नावाचे गुरू आपल्या शिष्यासह त्या भग्नावशेषांजवळून जात होते. शिष्य विलाप करू लागला की, जेथे आमच्या पापांचे प्रायश्चित्त होत असे, ते स्थान धुळीस मिळाले. तेव्हा गुरूंनी त्याचे सांत्वन केले की, तसेच दुसरे प्रायश्चित्त आपणांजवळ उरले आहे, आणि ते म्हणजे दयेची कृत्ये.

ह्या एका विश्वासावर ते लोक सुमारे दोन हजार वर्षे उभे आहेत. सकाळच्या व दुपारच्या नित्य अर्पणांची जागा सकाळच्या व दुपारच्या प्रार्थनांनी घेतली. जगाच्या पाठीवर कोठेही दहा प्रौढ माणसे जमली की सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. सभास्थानातील नियमशास्त्राच्या गुंडाळ्यांचा कोश जेरुसलेमच्या दिशेस असतो, आणि त्यापुढे दीप तेवत असतो. घरचे जेवणाचे मेजही वेदी झाले. शब्बाथाच्या दिवशी भाकरीस मीठ लावून ती मोडतात, ती वेदीवरील मिठाच्या स्मरणार्थ. मंदिर उभे असता वेदी प्रायश्चित्त करीत असे, आता माणसाचे मेज करते, असा तालमुदाचा अभिप्राय आहे. आणि मेज प्रायश्चित्त करते ते त्यावर भुकेलेल्यास बसविल्याने, असा त्याचा अर्थ लावतात.

हे लोक आपणांपासून दूर कोठे तरी राहतात असे नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके बेने इस्राएल राहत आले. ते घाण्यावर तेल काढीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची बोली आपलीच मराठी. त्यांच्यापैकी सामुएल एझेकिएल दिवेकर हे इंग्रजांच्या सैन्यात असता टिपू सुलतानाच्या हाती सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, असे सांगतात. १७९६ साली मुंबईत त्यांनी ते बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. पुण्यात १८६७ साली पुरे झालेले लाल देऊळ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते बगदादी यहूद्यांचे. त्याचे नाव ‘ओहेल दावीद’, म्हणजे दावीदाचा तंबू. इतकी उंच वास्तू, पण नावात रानातला तंबू ते विसरले नाहीत. बेने इस्राएल लोकांत मलिद्याचा विधी आहे. पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे व फळे एका ताटात मांडून, एलिया संदेष्ट्याचे स्मरण करून देवाचे आभार मानावयाचे आणि मग सर्वांनी वाटून खावयाचे. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएल देशी गेले. मलिदा त्यांच्याबरोबर तेथेही गेला.

बंधुभगिनींनो, आता जे सांगावयाचे आहे, ते महोत्सवाच्या दिवशी सांगणे सोपे नाही; पण योबेलाचे शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीच फुंकले जात असे. ज्या किनाऱ्यावर बेने इस्राएल शांतपणे राहिले, त्याच किनाऱ्यावर आमच्या धर्मबांधवांनी ह्याच लोकांस छळले आहे. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, धर्मन्यायासन चालले. पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहूद्यांचे वंशज त्याचे पहिले लक्ष्य होते. गार्सिया द ओर्टा हा थोर वैद्य अशाच घराण्यातला. ह्या देशातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. पुढे विसाव्या शतकात ख्रिस्ती म्हणविणाऱ्या युरोपात साठ लक्ष यहूद्यांचा संहार झाला. ह्या लोकांस देवाने टाकले आहे, असे शतकानुशतके शिकविणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांस त्या पापापासून हात झटकता येत नाहीत.

पवित्र ख्रिस्तसभेने आपले दोषार्पण आणावयास आरंभ केला आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, प्रभूच्या मृत्यूचा दोष सर्व यहूद्यांवर लादता येत नाही, आणि देवाने त्यांस टाकले आहे असे मानू नये. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोममधील यहूदी सभास्थानात गेले आणि त्यांनी यहूद्यांस आपले ज्येष्ठ बंधू म्हटले. २६ मार्च २००० रोजी, महाज्युबिलीच्या वर्षी, त्या वृद्ध पोपनी जेरुसलेमेतील पश्चिम भिंतीपाशी जाऊन क्षमायाचनेची चिठ्ठी दगडांच्या फटीत ठेविली. मंदिर तेथे नाही, वेदी नाही; परंतु जवळ येणे ह्यालाच कोर्बान म्हणत असतील, तर त्या दिवशी तेथे एक अर्पण झाले, असे आम्ही समजतो.

आता आपल्या मंदिराकडे वळून हे भाषण पुरे करतो. प्रभू ख्रिस्ताने आपणांसाठी स्वतःचे अर्पण केले, आणि त्याच्या पवित्र देहरक्ताचा बली ह्या वेदीवर पन्नास वर्षे नित्य अर्पिला गेला, ही आपली श्रद्धा आहे. तीच श्रद्धा आपणांस विचारते की, त्या वेदीकडे आपण कोणत्या हातांनी आलो? महोत्सवासाठी देणगीदारांच्या नावांची यादी निघाली आहे. तीत काही चूक नाही. परंतु जिच्याजवळ केवळ पारव्याच्या पिलांपुरते होते, ती बाई त्या यादीमुळे लाजून मागल्या बाकावर तर बसली नाही ना? ज्यास प्रार्थना वाचता येत नाही, तो बाहेरच तर थांबला नाही ना? आमच्यापैकी कित्येक घरांत बांधाच्या वीतभर जमिनीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि दोघेही रविवारी त्याच वेदीपुढे गुडघे टेकतात. योबेलाचे वर्ष जमीन परत करण्याचे वर्ष होते. आपल्या गावी एक जरी वीत परत गेली, पाचव्या हिश्श्यासह गेली, तर हा सुवर्णमहोत्सव खरा झाला असे म्हणता येईल.

मंदिर रिकामे असते, त्यात माणसे येतात. माणसे जवळ येतात, तेथे देव वसतो. ज्या लोकांनी आपणांस हे शिकविले, त्यांस आज कृतज्ञतेने स्मरू या. आणि आजच्या मिस्सापूर्वी, ज्याचे आपल्याविरुद्ध काही असेल, त्याच्याकडे एकदा जाऊन येऊ या. वेदी आपली वाट पाहील.

दयेचे द्वार आपणां सर्वांस उघडे असो. आमेन.